एलूभाऊंसाठी दहा माणसं

सिपोराबाईंचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्या वेळी मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात दोनच खिडक्यांना उजेड असायचा, एक त्यांची आणि एक माझी. दोघांनाही इचलकरंजीची पहिली एसटी धरायची असायची. मी तिथं माग चालवायचो. त्या कांड्या भरायच्या. मागाच्या धोट्यात सुताची जी गुंडाळी बसते ती कांडी. ती संपली की माग थांबतो, म्हणून कांडीवालीचा हात थांबून चालत नाही. सूत तुटलं की जोडायचं, भरलेली काढायची, रिकामी लावायची, दिवसभर. बोटांच्या पेरांना चिरा पडतात. घरी येऊन भाजीत मीठ टाकताना त्या कळतात. सिपोराबाईंनी अर्धं आयुष्य हे काम केलं आणि कांडी कधी सैल भरली नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण सैल कांडीचा त्रास माग चालवणाऱ्यालाच होतो.

त्यांचं आडनाव कोर्लेकर. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून जुने लोक त्यांना शनवार तेली म्हणतात. आमच्या पेठेत त्यांचा एक हॉल आहे. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, समोरच्या भिंतीतल्या कपाटात त्यांचा धर्मग्रंथ. बोळातले लोक त्याला इस्रायली हॉल म्हणतात. मालकी मुंबईच्या एका ट्रस्टची, पण किल्ली कायम सिपोराबाईंच्या नवऱ्याकडं, एलियाहू कोर्लेकरांकडं. आम्ही त्यांना एलूभाऊ म्हणायचो. उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि हॉलमध्ये प्रार्थना चालवायचे.

एलूभाऊंचं खरं काम मात्र तिसरंच होतं. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी कादीश नावाची प्रार्थना म्हणतात. ती एकट्यादुकट्यानं म्हणता येत नाही. त्यांच्यातले दहा पुरुष एका जागी उभे राहावे लागतात. नऊ असले तर होत नाही. पूर्वी पेठेत सहज पन्नास पुरुष निघायचे. मग कुणी इस्रायलला गेलं, कुणी ठाण्याला, कुणी पुण्याला. कोल्हापुरात कुणाचं मयत झालं की एलूभाऊ सायकल काढायचे आणि दहा माणसं गोळा करायचे. मिरज, सांगली, एकदा तर भर पावसात शाहूवाडीकडं मलकापूरपर्यंत. लेथवरचा पगार कापला जायचा. पण एकही मयत कधी नऊवर अडलं नाही.

गेल्या वर्षी माघाच्या थंडीत एलूभाऊ पाणी प्यायला उठले आणि मोरीपाशी पडले. त्यांच्यात मयत ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी माती दिली तेव्हा त्यांच्यातले सहाच पुरुष पोचले होते. बाकी सगळे आम्ही पेठेतले. कादीश झाला नाही.

मी तेव्हा काम सोडलेलं होतं. सिपोराबाई सुतकाचे सात दिवस घरात जमिनीवर बसल्या आणि मग कामाला लागल्या. एका रविवारी मी हॉलच्या पत्र्याची गळकी जागा डांबरानं बुजवत होतो, त्या खालून शिडी धरून होत्या. तेव्हा म्हणाल्या,

"कृष्णातभाऊ, वर्षाच्या दिवशी मला दहा माणसं पायजेत."

"बोलवा की मग."

"बोलवून बघितलं. समदी बघू म्हणत्यात."

त्यांचा धाकटा दीर याकोब ठाण्यात असतो. तो फोनवर म्हणाला होता, वहिनी, आमच्या इथं रोज दहा असतात, मी इथंच म्हणून टाकतो. सिपोराबाई त्यावर चिडल्या होत्या. मला म्हणाल्या, "तिथं दहा असतील. त्यांस्नी ओळखणारा त्यात कोण असंल? ज्यांच्या मयताला हे पळालं, त्यांनीच हितं यायचं."

मला ते बरोबर वाटलं. पण बरोबर वाटल्यानं माणसं येत नाहीत. पावसाळ्यात त्यांनी कामावरून आल्यावर रोज एक फोन केला. सगळे गोड बोलायचे. नक्की असं एकही म्हणाला नाही.

दसऱ्याच्या सुमाराला निशिगंधा पाटणे हॉल बघायला आली. ती आमच्याच पेठेतली, कला महाविद्यालयात चित्रकला शिकवते. तिला थंडीचे चार महिने चालेल असा कार्यक्रमांचा एक हंगाम करायचा होता, चित्रं, गाणं, खाणं, कीर्तन, सगळं बेने इस्रायलांचं. शहराच्या मध्यात एवढी जागा बंद पडून राहते याचं तिला वाईट वाटत होतं. ट्रस्टची परवानगी तिनं आणली होती. किल्ली सिपोराबाईंकडं होती.

सिपोराबाई जेवण करून नुकत्या टेकल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ह्यात आमचं कोण कोण येणार?"

"तुम्ही सांगाल ते, काकू. चित्रकार, गायक, बोलणारे. गाडीभाडं आपण देऊ."

"बाई असू दे न्हायतर पोर असू दे, मला चालतंय. पण दर कार्यक्रमाला आमचं दोन-तीन पुरुष यायला पायजेत. आणि शेवटचा कार्यक्रम शेवाटच्या नववीला. त्या दिवशी समदे एकदम."

शेवाट हा त्यांचा महिना, आपल्या माघाच्या आसपास येतो. नववी हा एलूभाऊंचा दिवस. निशिगंधानं का म्हणून विचारलं. सिपोराबाईंनी सांगितलं. पोरगी म्हणाली, "ठरलं."

प्रार्थनेला बोलावलं की माणूस टाळतो. माझी चित्रं लावताय, माझं ऐकायला लोक जमवताय म्हटलं की येतो. सिपोराबाईंनी ते ओळखलं होतं.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. पहिलं चित्रांचं प्रदर्शन. चित्रकार रूबेन अष्टमकर, मूळचे आमच्याच पेठेतले, आता पुण्यात. घाण्यांची चित्रं होती. एकात बैल सोडलेला आणि घाणा मोकळा, शनिवारचा. लोक बऱ्यापैकी आले. कोल्हापूरचा माणूस नवीन काही बघायला येतो आणि आल्यावर गप्प बसत नाही. तालमीतला एक पैलवान सिपोराबाईंना म्हणाला,

"मावशी, तुमी इस्रायलच्या न्हवं? मग मराठी एवढं चांगलं कसं काय?"

"तुझ्यापेक्षा बरं बोलते. तू एवढं दूध पितोस, तुझी जीभ का जड?"

पोरं हसली. दुसरा एक पाहुणा टीव्हीवरच्या लढाईचं विचारायला लागला. त्या म्हणाल्या, "मी कांड्या भरते, पावणं. लढाईचं मला काय ठावं. चित्रं बघा, चहा घ्या."

रूबेनभाऊ निघताना त्यांनी विचारलं, नववीला येणार ना? ते म्हणाले, "बघतो." सिपोराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "बघतो न्हाय. येतो म्हण." ते म्हणाले, "येतो, वहिनी." मग वाट सोडली.

मार्गशीर्षात हनुक्काचे, म्हणजे त्यांच्या दिव्यांच्या सणाचे, दिवे लावले. ठाण्याहून एक म्हातारे गायक आणि त्यांच्याबरोबर एक शिक्षक आले. पौषात चिकाचा हलवा. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर. तो मोठ्या पातेल्यात तासन्‌तास ढवळावा लागतो. हात थांबला की बुडाला लागतो आणि लागला की सगळा वाया. त्या दिवशी सिपोराबाई कामाची पाळी करून आल्या होत्या. निशिगंधानंही ढवळलं. तिच्या तळव्याला फोड आले, पण पळी सोडली नाही. मी सुद्धा हात लावला. माझ्या मते ते काम मागाचा सुतानं भरलेला बीम उचलण्याइतकंच आहे, फक्त बीम उचलून ठेवता येतो. पेठेतल्या बायका वड्या बांधून घेऊन गेल्या. सिपोराबाई पातेलं खरवडत मला म्हणाल्या, "सात झाली, कृष्णातभाऊ."

मला वाटलं वड्यांचे डबे. त्या माणसं मोजत होत्या.

कार्यक्रम चांगले चालले होते. पेपरात फोटो येत होते. निशिगंधा खूश होती, लोक खूश होते. सिपोराबाई प्रत्येक कार्यक्रमाला दाराजवळ उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्याचं तोंड बघायच्या. ज्या दिवशी हॉल पूर्ण भरला त्या दिवशी त्या सगळ्यात जास्त रडवेल्या होत्या, कारण ठाण्याच्या शिक्षकानं त्या सकाळीच नववीला जमणार नाही असं कळवलं होतं. तोवर स्वतःही यायला तयार झालेल्या याकोबनं त्याच्या घरी जाऊन त्याला परत कबूल करवलं.

शेवटचा कार्यक्रम कीर्तनाचा. बेने इस्रायलांत जुन्या करारातली आख्यानं मराठी कीर्तनात सांगायची रीत आहे. सिपोराबाईंच्या आईला ती यायची, त्यांनाही येत होती, पण वीस वर्षं म्हटलेली नव्हती. त्या एसटीत तालीम करायच्या. कंडक्टर म्हणायचा, "बाई, तिकीट काढलंय, भजन फुकट हाय." घशात सुताची पिंज बसलेली असायची, वरचा सूर लागायचा नाही. त्या रोज रात्री गरम पाणी प्यायच्या आणि परत तोच सूर धरायच्या. जमेपर्यंत.

आता हिशेब असा होता. इथले चार, याकोब धरून ठाण्याचे तीन, रूबेनभाऊ धरून पुण्याचे दोन. नऊ. दहावा हायम किहीमकर, पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्यात पॅनमन. साखर शिजते त्या मोठ्या भांड्याला पॅन म्हणतात. ते चढलं की उतरेपर्यंत माणसाला हलता येत नाही. उसाचा हंगाम जोरात होता आणि हायमला रजा मिळेल की नाही हे त्यालाच माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात निशिगंधाचा फोन आला. तबलजी मिळाला होता. "काकू, मिरजेचे शमुवेल मास्तर. हात फार गोड आहे. आणि दाविदाची स्तोत्रं सगळी पाठ आहेत त्यांना, मराठीत."

सिपोराबाई मला सांगायला धावत आल्या. मिरजेत आपलं अजून कुणी राहिलंय हे मला ठाऊकच नव्हतं, म्हणाल्या. शमुवेल मास्तर तालमीला दोनदा आले. पन्नाशीचे, शांत, पांढरा शर्ट. हॉलमध्ये सगळ्यांनी डोकं झाकलेलं बघून त्यांनी खिशातला रुमाल काढून डोक्यावर घातला. सिपोराबाईंनी माझ्याकडं बघितलं, झालं की नाही अशा नजरेनं. पुढची तालीम रविवारी सकाळी ठेवू म्हटल्यावर मास्तर म्हणाले, "रविवारी सकाळी मला जमत नाही." का जमत नाही, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दोन दिवसांनी हायमचा फोन आला. त्याचा बदली माणूस आजारी पडला होता, त्याला दुहेरी पाळी लागणार होती. म्हणाला, "काकी, भांडून बघू का सायबाशी?" सिपोराबाई म्हणाल्या, "नगं. नोकरी सांभाळ. माझी दहा झाल्यात." त्यांनी हे अगदी मायेनं सांगितलं.

नववी बुधवारी संध्याकाळी लागत होती. त्यांच्यात दिवस मावळतीला सुरू होतो आणि दुसऱ्या मावळतीला संपतो. बुधवारी दिवस मावळल्यावर कीर्तन, कीर्तनानंतर कादीश, असं ठरलं.

मी दुपारपासून खुर्च्या लावत होतो. त्या कमी पडल्या, मग सतरंज्या टाकल्या. त्याही भरल्या, मग लोक बोळात उभे राहिले. ठाण्याचे तिघं सकाळीच उतरले होते, पुण्याचे दोघं चारच्या सुमाराला. इथले चौघं इस्त्रीचे कपडे घालून पुढं बसले होते. शमुवेल मास्तर तबला लावत होते. सिपोराबाईंनी दारातून एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना खांदे सैल सोडून उभं राहिलेलं बघितलं.

योसेफाचं आख्यान लावलं होतं. भावांनी विकलेला योसेफ. मी गाण्यातला जाणकार नाही. काम चांगलं झालंय की नाही एवढं मला कळतं. काम चांगलं झालं. वरचा सूर लागला. शमुवेल मास्तरांनी त्यांना कुठं घाई करू दिली नाही, कुठं मागं पडू दिलं नाही. बोळातली माणसं खिडकीच्या गजांना धरून ऐकत होती.

मग मलिद्याचं ताट आलं, गोड पोहे, खोबरं, फळं. ते वाटून झालं. याकोबनं माइक घेतला आणि म्हणाला, "आता माझ्या भावाच्या वर्षाची प्रार्थना आहे. पुरुषांनी कृपया उभं राहावं."

त्याला त्यांच्यातले पुरुष म्हणायचं होतं. पण उठले सगळेच. सतरंजीवरचे उठले, खुर्च्यांवरचे उठले, खिडकीतल्यांनी टोप्या सारख्या केल्या. ज्यांच्याकडं टोपी नव्हती त्यांनी रुमाल घातले. एलूभाऊंना सगळी पेठ ओळखत होती. दोनशे पुरुष हात जोडून उभे राहिले.

याकोबनं आपली माणसं पुढं घेतली. बोटानं मोजली. नऊ झाल्यावर तो शमुवेल मास्तरांकडं वळला. मास्तर तबल्यांवर गवसण्या चढवत होते.

"मास्तर, या की."

"मी इथंच उभा राहतो."

"नाही, इकडं या. दहावे तुम्ही."

"दहावा कसला?"

याकोबनं सांगितलं. मास्तरांनी हातातली गवसणी खाली ठेवली. मग हळू म्हणाले, "मी ख्रिस्ती आहे हो. मिरजेला चर्चमध्ये वाजवतो. मला कुणी विचारलंच नाही."

याकोबनं माइक बंद केलेला नव्हता. सगळ्या हॉलनं ते ऐकलं.

सिपोराबाई जागच्या हलल्या नाहीत. आमच्या भागात शमुवेल, दाविद, याकोब ही नावं दोन्हीकडं असतात. मिरजेत तर गल्लोगल्ली. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण दहावा हवा असलेल्या माणसानं नाव ऐकलं, डोक्यावरचा रुमाल बघितला आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. निशिगंधाचं तोंड पांढरं पडलं. तिला वाटलं होतं, काकूंनी विचारून घेतलं असेल.

तो पैलवान मागून पुढं आला. "मावशी, मी चालतो का? मी टोपी घालतो."

सिपोराबाई त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "तू चालला असतास तर गेल्या वर्षीच तुला वढून आणला असता, बाळा."

कुणी हसलं नाही. आम्ही एवढे उभे होतो आणि आमच्यातला एकही चालणारा नव्हता. बसायचं की उभं राहायचं हेही कुणाला कळेना. शेवटी याकोबनं लोकांचे आभार मानले आणि हॉल रिकामा झाला. शमुवेल मास्तर सिपोराबाईंसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. त्याच म्हणाल्या, "तुमचा काय दोष? वाजवलंसा लई चांगलं." मास्तरांनी बिदागी घेतली नाही.

नऊ जण खुर्च्यांवर बसून होते. याकोब म्हणाला, "वहिनी, तुम्ही सगळं केलंत. आता ऐका माझं. मी ठाण्याला फोन लावतो, ते उद्या सकाळी म्हणतील."

 सिपोराबाईंनी हायमला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, मागं कारखान्याची घरघर ऐकू येत होती.

"हायम, उद्या दिवस मावळायच्या आत येशील?"

"काकी, तुम्हीच म्हणालासा दहा झाल्यात."

"न्हाय झाली. चूक माझी."

तो बाजूला झाला असावा, घरघर कमी झाली. मग म्हणाला, "मी उद्या सकाळपासनं पुन्हा पॅनवरच हाय. एक उतरला की दुसरा चढायच्या आत दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्यात कोल्हापूरला कसा येऊ?"

"फाटकापर्यंत येशील?"

"कारखान्याच्या? येईन की."

"मग आम्ही येतो."

याकोब उभा राहिला. "वहिनी, कारखान्याच्या फाटकावर कादीश? उसाच्या गाड्यांत? हॉलमध्येच पाहिजे म्हणून वर्षभर तुम्हीच हट्ट धरलात."

"धरला हुता. सोडला. पण माणसं हीच ऱ्हातील."

ठाण्याच्यांची गाडी दुसऱ्या रात्रीची होती, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. प्रश्न रूबेनभाऊंचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, पहाटेच्या गाडीनं निघायचं होतं. ते म्हणाले, "वहिनी, बाप घरात नसला तर कसं दिसेल?"

सिपोराबाई म्हणाल्या, "वाईट दिसंल."

एवढंच.  रूबेनभाऊ बाहेर गेले. बोळात फोनवर बराच वेळ बोलत होते. पलीकडून बायकोचा आवाज आम्हाला आत ऐकू येत होता. आत आले तेव्हा कान लाल झाले होते. "पाहुणे संध्याकाळी येतायत. मला दुपारी बाराच्या आत हायवेला सोडा. त्याच्या पुढं एक मिनिट मी थांबणार नाही."

आता गाडी पाहिजे होती. कार्यक्रमाचे पैसे संपले होते. निशिगंधा पर्स उघडायला लागली तर सिपोराबाईंनी तिचा हात धरला. "हे तुझं न्हाय." त्या घरी गेल्या आणि रुमालात बांधलेली वर्षभराची शिल्लक घेऊन आल्या. ती एलूभाऊंच्या कबरीच्या दगडासाठी होती. वर हिब्रू, खाली मराठी, असा दगड त्यांनी कारागिराला सांगून ठेवला होता. केरबा भोसलेची टेंपो ट्रॅव्हलर पेठेतच उभी असते. त्याला सकाळी लवकर यायला सांगितलं.

सकाळी नऊ पुरुष, सिपोराबाई आणि मी निघालो. मला त्यांनीच घेतलं. म्हणाल्या, बायकांनी बाजूला थांबायचं असतं, एकटी थांबून मी काय करू.

शहराबाहेर पडेपर्यंत बरं चाललं. मग उसाचे ट्रॅक्टर लागले, एकामागं दोन दोन ट्रॉल्या. पुढं वळणावर एक ट्रॉली कलंडली होती आणि सगळा रस्ता उसानं भरला होता. गाड्यांची रांग लागली. रूबेनभाऊ घड्याळ बघत होते. सिपोराबाई ते घड्याळ बघणं बघत होत्या.

केरबा म्हणाला, "मावशी, हे निघायला दुपार व्हईल."

त्या उतरल्या आणि उसाच्या मोळ्या उचलून कडेला टाकायला लागल्या. मी उतरलो. मग याकोब आणि बाकीचे उतरले, इस्त्रीच्या कपड्यांत. ट्रॅक्टरवाला, त्याचा जोडीदार, मागच्या गाड्यांतले लोकही लागले. ऊस हातानं उचलायचा म्हणजे पाचट कापतं. एका गाडीपुरती वाट झाली तेव्हा सगळ्यांच्या हातांवर रेघा उठल्या होत्या. रूबेनभाऊंनीही उचलला. सगळ्यात जास्त त्यांनीच, असं मला वाटतं. घाई त्यांनाच होती.

कारखान्याच्या फाटकावर पोचलो तर हायम नव्हता. फोन उचलत नव्हता. रखवालदार आम्हाला आत सोडेना. एवढी माणसं टोप्या घालून उतरलेली बघून तो म्हणाला, "आंदोलन हाय का? ऊसदराचं?"

"प्रार्थना आहे," याकोब म्हणाला.

"कारखान्यासाठी?"

"माणसासाठी."

"मग बाजूला हुबं ऱ्हावा. काट्यावर गाड्या येत्यात."

आम्ही वजनकाट्याच्या बाजूला उभे राहिलो. मळीचा वास, धूळ, ट्रॅक्टरांची गाणी. अकरा वाजून गेले. रूबेनभाऊंनी पिशवी खांद्याला लावली. सिपोराबाई फाटकाच्या गजांना धरून आत बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही.

रूबेनभाऊ गाडीकडं निघाले. केरबानं दार उघडलं. सिपोराबाईंनी त्यांना थांबवलं नाही. त्या वळल्याच नाहीत.

तेवढ्यात हायम आतून पळत आला. अंगावर तेलकट कपडे, हातांना साखरेचा चिकटा, डोकं उघडं. पॅनची झडप अडकली होती, म्हणाला, आता सुटली. त्यानं खिशातलं फडकं डोक्याला बांधलं. याकोबनं हाक मारली, "रूबेन." रूबेनभाऊंचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. त्यांनी तो खाली घेतला.

दहा जण दाटीनं उभे राहिले. याकोबनं कादीश म्हणायला सुरुवात केली. मी आणि सिपोराबाई गाडीशेजारी थांबलो. ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीच्या आवाजात एक शब्द ऐकू येईना. ओठ हलताना दिसायचे, मधूनच सगळे मिळून आमेन म्हणायचे तेवढं कळायचं. एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. रखवालदार त्याच्याकडं गेला आणि त्यानं हॉर्न बंद करायला लावला.

ते फार लवकर संपलं. हायमनं लांबूनच सिपोराबाईंना हात केला आणि आत पळाला. रूबेनभाऊ गाडीत जाऊन बसले.

"झालं?" सिपोराबाईंनी मला विचारलं.

"झालं."

"मला कायबी ऐकू आलं न्हाय."

"दहा होते. मी मोजले."

त्यांनी मान हलवली. समाधान झालं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या तोंडावर तसं काही नव्हतं. त्या दमलेल्या दिसत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं होतं.

केरबानं रूबेनभाऊंना वेळेत हायवेला सोडलं, बाकीच्यांना पेठेत आणलं. बोळाच्या तोंडाशी सिपोराबाईंनी रुमाल सोडला. केरबा थांबल्याचे पैसे धरत नव्हता. त्यांनी ते धरायला लावले. रुमाल रिकामा झाल्यावर त्यांनी तो घडी घालून कमरेला खोचला. दगडाच्या कारागिराला निरोप द्यायला त्यांनी मला पाठवलं की यंदा होणार नाही. वर्षभराच्या कांड्यांची मजुरी नऊ माणसांना हायमपर्यंत नेऊन परत आणण्यात गेली.